सूर्याकडची बाजू

सातच्या आकड्याला मधोमध एक आडवी रेघ. तेवढ्यावरून मी ओळखलं. नमुन्यांच्या खोलीत त्या सकाळी सहा शीट आल्या होत्या, हातभर लांबीच्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या, छपरावर घालतात तसल्या प्लास्टिकच्या. खोक्यावर फक्त आमच्या लॅबचा क्रमांक. पाठवणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि चुकून कळलंच, आणि तो ओळखीचा किंवा नात्यातला निघाला, तर बाईंना सांगून ते काम दुसऱ्याकडे द्यायचं. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. पण शीटवरच्या पातळ कागदी आवरणावर छापील बाण नव्हता. छापील आवरण संपलं असावं, म्हणून कुणीतरी जाड काळ्या पेनाने हाताने लिहिलं होतं, 'ही बाजू सूर्याकडे', आणि खाली तारीख. तारखेत सात होता. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा सात. तोंडाने मी त्याला 'अहो भाऊजी' म्हणते, मनात मात्र बारा वर्षं एकेरीवर आहे. हातातली शीट खाली ठेवली तेव्हा तळव्याचा घाम तिच्यावर उमटला होता. तो मी बाहीने पुसला, आणि बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं तरी तिकडे गेले नाही.

प्लास्टिक उन्हात पिवळं का पडतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आतमध्ये लांबच लांब साखळ्या असतात. उजेडातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, जांभळ्याच्याही पलीकडचा, तो येऊन त्या साखळीचा एखादा दुवा तोडतो. तुटलेलं टोक रिकामं बसत नाही, हवेतला प्राणवायू धरतं, शेजारचीला तोडतं, ती तिच्या शेजारचीला. या जातीच्या प्लास्टिकमध्ये आणखी एक गंमत आहे. तुटलेला तुकडा कधी कधी बाहेर पडतच नाही, त्याच साखळीत दुसऱ्या जागी जाऊन चिकटतो. घर तेच, जागा भलतीच. पिवळा रंग येतो तो त्यानेच. हे टाळायला शीटच्या एका बाजूला केसाएवढ्या जाडीचा एक थर देतात. त्या थरातले रेणू तो घातक उजेड स्वतःच्या अंगावर घेतात, त्याची ऊब करून सोडून देतात, आणि पुन्हा पुढचा घ्यायला तयार. ही बाजू सूर्याकडे ठेवली की शीट दहा वर्षं टिकते. उलटी घातली तर दोन-तीन वर्षांत पिवळी होते, मग ठिसूळ होते, मग कुणीतरी तिच्यावर पाय ठेवतं. म्हणून उन्हाची नक्कल करणाऱ्या आमच्या चाचणीच्या पेटीत लावायच्या आधी प्रत्येक शीट अंधाऱ्या कपाटात नेऊन जांभळ्या बॅटरीखाली धरायची. थराची बाजू निळसर उजळते, दुसरी काळी राहते. एका शीटला अर्धं मिनिट लागतं. पाठवणाऱ्याच्या खुणेवर विसंबायचं नाही, स्वतः बघायचं आणि मगच नोंदवहीत 'बाजू तपासली' असं लिहायचं. मी नव्या मुलींना हे डोळ्यांत तेल घालून बघायला शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी कपाटापर्यंत गेलेच नाही. हातात त्याचं अक्षर होतं ना. त्याने जी बाजू सूर्याकडे म्हटली होती ती मी दिव्याच्या विरुद्ध दिशेला केली, एक शीट राखीव ठेवून बाकीच्या पाच एकेक करून उलट्या चौकटीत बसवल्या, आवरणं सोलून फेकली, वहीत 'बाजू तपासली' लिहिलं आणि पेटीतला सूर्य म्हणजे झेनॉनचा दिवा चालू केला. दोन हजार तास. म्हणजे जवळजवळ बारा आठवडे. पेटीच्या काळ्या काचेतून बघताना मला इतकं बरं वाटलं की मी चक्क गुणगुणत जेवायला गेले.

खोटं कशाला बोलू, मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. बारा वर्षांत मी त्याला पुष्कळ वेळा मारलंय. भांडी घासताना, बसची वाट बघताना, दात घासताना तर रोज. पण मनातल्या मनात मारलेला माणूस रविवारी ताईच्या घरी टेबलाच्या टोकाला बसून हसतमुखाने वाढून घेतो. त्याचा एक ठरलेला विनोद आहे. कुणीतरी 'किती वाजले' असं विचारलं की तो हात वर करतो आणि म्हणतो, "आमच्या मेहुणीला सोडून कुणालाही विचारा." सगळे हसतात. ज्यांना कशाबद्दल ते माहीत नाही तेही हसतात. आईसुद्धा हसायची, खाली बघून. ताई हसत नाही, पण लगेच म्हणते, "तुम्हाला अजून भात वाढू का?" आणि मी? मी पण हसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांच्या देखत, पोळी वाढता वाढता खायचा असतो.

विनोद घड्याळाचा आहे, पण घड्याळ नव्हतंच ते. पेटीवर दोन लहान खिडक्या असतात. वरच्या खिडकीत दिवा नवा बसवल्यापासून एकूण किती तास जळला ते दिसतं, खालच्या खिडकीत चालू चाचणीचे तास. तेव्हा आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. तो दर्जा-तपासणीचा प्रमुख, मी त्यानेच नोकरीला चिकटवलेली, शिकून नुकती बाहेर पडलेली. एका मोठ्या गोदामाच्या छपराचा माल जायचा होता आणि खालच्या खिडकीत सहाशे चाळीस होते. त्याने दिवा बंद केला. नमुने बाहेर काढले. म्हणाला, "सहाशेला काही झालं नाही ना, मग दोन हजारालाही होत नाही. मी वीस वर्षं हेच बघतोय." त्याने कागदावर दोन हजार लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. "तू कर सही. मी आहे ना." मी केली. ही सही माझीच आहे, ती मी कुणाच्या बापापुढे नाकारत नाही. पण 'मी आहे ना' म्हणणारा माणूस वर्ष-दीड वर्षाने, छपरावरची पानं काढायला चढलेला सफाईवाला शीट फुटून तीन पुरुष उंचीवरून खाली पडल्यावर, चौकशीच्या टेबलापाशी उभा राहिला आणि सावकाश, दुःखी आवाजात म्हणाला, "मुलगी नवीन होती. तिने वरच्या खिडकीतला आकडा खालचा समजून वाचला. चूक माझीच, मी विश्वास ठेवला." काय सुंदर वाक्य आहे बघा. चूक माझी म्हणता म्हणता माझ्या गळ्यात बांधली.

मी तिथे बोलले असते. आदल्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं, पाण्याचा नळ मोठा सोडला आणि म्हणाली, "ताईचे दिवस भरत आलेत. तू उद्या तोंड उघडलंस तर तो आत जाईल. तुझं काय, तू एकटी आहेस, शिकलेली आहेस, दुसरीकडे लागशील. आपलेच दात, आपलेच ओठ." नळ तसाच वाहत होता. मी म्हटलं, "आणि बाबांना काय सांगायचं?" आई म्हणाली, "त्यांना काहीच सांगायचं नाही." बाबा शाळेत गणित शिकवायचे. चौकशीचं कळल्यावर ते माझ्याशी रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "वरचा आणि खालचा आकडा?" आणि चष्मा काढून पुसत बसले. नंतरची चार वर्षं, म्हणजे ते होते तोवर, लाइटबिल असो, औषधाच्या गोळ्या असोत, मी काही मोजलं की ते हळूच पुन्हा मोजायचे. माझ्या देखत नाही. मी वळल्यावर. ही गोष्ट मला सुरीसारखी लागते आणि ती आजही कुणाला सांगितलेली नाही.

त्या सफाईवाल्याला भेटायला मी एकदाच गेले. कंबरेखाली त्याला काही कळत नव्हतं. खाटेशेजारी त्याची बायको मोसंबं सोलत बसली होती. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हीच का त्या मीटरवाल्या बाई?" मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. नळाच्या आवाजात शब्द दिला होता म्हणून असेल. त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "असू दे. माणसाच्या हातून होतं." बायकोने मला एक फोड दिली, मी ती खाल्ली. बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला ओकले. दुसऱ्या कुणाच्या नावची माफी माझ्या हातात दिलेली, ती परतही करता येईना आणि ठेवूनही घेता येईना. माझ्या सगळ्या रागात सगळ्यात वाईट राग त्या माफीचा आहे.

पाचशे तासांना पेटी उघडली. आत नेहमीच्या पद्धतीप्रमाणे एक मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडाही होता, ज्याला थरच नसतो, दिवा नीट काम करतोय की नाही हे कळायला. तो फिकट पिवळा झाला होता. भाऊजीच्या पाचही शीट स्वच्छ. मी म्हटलं, घाई काय आहे. हजार तासांना कच्चा तुकडा चांगलाच पिवळा, कडेला बारीक भेगा. शीट स्वच्छ. मी पिवळेपणा मोजणाऱ्या मापकाची काच पुसली, पुन्हा मोजलं, बाबांसारखं तिसऱ्यांदा मोजलं. आकडा हलेना. मनात आलं, त्याने दोन्ही बाजूंना थर दिला की काय. बारा वर्षांत माणूस सुधारला? या विचाराने मला जेवण गेलं नाही. त्याला नापास होताना बघायचं होतं, त्याच्या मालावर माझं यंत्र बोट ठेवताना बघायचं होतं. तो सुधारलेला निघाला तर मी कुणाचा राग करत जगायचं? आरशात बघितलं तर ओठ दातांखाली धरलेले. पंधराशेला तेच. पाठवणाऱ्याने मधला अहवाल मागितला होता, म्हणून नियमाप्रमाणे कळवावं लागलं, 'पंधराशे तासांपर्यंत पिवळेपणा आढळला नाही.' खाली माझी आद्याक्षरं होती. क्रमांकाच्या पलीकडे कोण बसलंय ते बघायची त्यालाही कधी गरज वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात दुपारी ताईचा फोन आला. सहज. भाचीच्या शाळेचं, तिच्या गुडघ्याचं, आणि मग आवाज जरा खुलून, "अगं, यांचा नवा माल इतका छान निघालाय! परदेशी यंत्र आणलंय ना. भाजीबाजाराचं सगळं छप्पर यांच्याकडे आलंय. कुठल्यातरी लॅबचा अर्धा रिपोर्ट पण आला, एकदम चांगला. हे म्हणाले, पास तर होणारच, पुढचे तास कशाला मोजायचे. सोमवारी घालायला घेतायत."

"यंत्र नवीन आहे?" मी विचारलं.

"हो. जुन्यापेक्षा उलटंच आहे म्हणे सगळं, माल इकडून न येता तिकडून येतो. मला काय कळतंय त्यातलं."

मला कळत होतं. ताईला 'नंतर बोलते' म्हटलं. राखीव नमुन्यांच्या कपाटातून त्या खोक्यातली उरलेली शीट काढली. ती आम्ही पेटीत घालत नाही, वाद झाला तर असावी म्हणून आवरणासकट ठेवतो. दोन्ही बाजूंचं आवरण कोपऱ्याला थोडं उचललं आणि अंधाऱ्या कपाटात जांभळ्या बॅटरीखाली धरली. 'ही बाजू सूर्याकडे' लिहिलेली बाजू काळी. ठार काळी. उलटी केली. दुसरी बाजू निळसर उजळली, छान, एकसारखी, कुठे डाग नाही. थर उत्तम होता. फक्त नव्या यंत्रातून तो खालच्या बाजूला येत होता, आणि या माणसाने तीसेक वर्षांच्या सवयीने वरच्या बाजूला पेन चालवलं होतं. अर्धं मिनिट बॅटरी धरून बघितलं नव्हतं. त्यानेही नाही, मीही नाही. आयुष्यात एकदाच मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, तोही त्याला तोंडावर पाडण्यासाठी. नियमाने वागले असते तर बॅटरीखाली खूण चुकीची दिसली असती आणि तो पहिल्याच दिवशी नापास झाला असता. सरळ, कागदावर, माझ्या हाताला डाग न लागता. उलटी लावली म्हणून तो पास झाला. करायला गेले काय आणि झालं काय! कपाटातल्या अंधारात मी मोठ्याने हसले. बाहेरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?"

वाटत होतं, तेच वाईट. कारण पुढचा विचार लगेच आला आणि तो फार गोड होता. गप्प बसायचं. दोन हजार तास होऊ द्यायचे, पासचा कागद पाठवायचा. सोमवारपासून बाजारावर एकेक शीट उलटी चढेल. दोन वर्षांनी पिवळी, तीन वर्षांनी ठिसूळ. तेव्हा कुणाच्या गळ्यात बांधशील रे? यंत्र तुझं, खूण तुझी, अक्षर तुझं. माझ्या वहीत तर सगळं चोख आहे. सूड म्हणजे असा, त्याने स्वतः उचलून स्वतःच्या डोक्यावर घालून घ्यावा. त्या दुपारी मी खुर्चीत बसून हे सगळं नीट, सावकाश, चघळून बघितलं. पिवळं छप्पर बघितलं. खाली टोमॅटो निवडणाऱ्या बायका बघितल्या. त्याचा चेहरा बघितला, ताईचा बघायचं टाळलं. मग छपरावर पानं काढायला कुणीतरी चढलं. त्याला चढवायचं नाही म्हणून मी खूप प्रयत्न केला, पण छप्पर म्हटलं की पानं येतात आणि पानं आली की माणूस चढतो. तो पाय पुढे टाकत होता आणि मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. तो खाली पडल्यावर चौकशी होईल, कागद काढतील, आणि कागदाखाली पुन्हा माझीच सही असेल. आणि खाटेवरून कुणीतरी पुन्हा मला म्हणेल, असू दे. ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. त्याच्यासाठी नाही, बाजारासाठीही नाही म्हणा, पण ती माफी दुसऱ्यांदा घ्यावी लागू नये म्हणून मी उठून उभी राहिले.

बाईंना सगळं ऐकायला दहा मिनिटं लागली. त्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत, शांत, आणि मला धाकट्या बहिणीसारखं वागवतात. त्यांनी आधी राखीव शीट स्वतः कपाटात नेऊन बघितली. परत येऊन दार लावलं. "खूण चुकीची आहे हे आपण आत्ताच कळवू. सोमवारचं काम थांबेल," त्या म्हणाल्या. "राहिली तुझी गोष्ट. हे बघ, तू जे मला सांगितलंस ते मी ऐकलं नाही. नमुने उलटे लागले, बाजू तपासायची राहिली, असं लिहू. चुकून झालं. बारा वर्षांत तुझी एक चूक नाही, कुणी काही बोलणार नाही. माणसाच्या हातून होतं."

"चुकून नाही झालं, बाई."

"अगं वेडी आहेस का? मुद्दाम म्हटलंस तर मला तुला ठेवता येणार नाही. दुसऱ्या लॅबमध्येही कुणी उभं करणार नाही."

"माहीत आहे."

"मग? चूक म्हटल्याने तुझं काय जातंय?"

काय जातंय ते त्यांना सांगायला मला वडील पुन्हा उभे करावे लागले असते. मी फक्त फॉर्म ओढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: पाठवणारा माझ्या बहिणीचा नवरा आहे, हे अक्षरावरून मला पहिल्या दिवशी कळलं होतं. त्याला नापास करण्यासाठी नमुने जाणूनबुजून उलटे लावले. बाजू तपासल्याची नोंद खोटी आहे. वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं. बाईंनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पेटीचा दिवा बंद करायला मी स्वतः गेले, कारण तो गार व्हायच्या आत दार उघडायचं नसतं आणि नव्या मुली घाई करतात.

ताईचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी घरीच होते. ती रडलेली होती, पण आवाज कडक ठेवला होता तिने. "बाजारवाल्यांनी काम थांबवलंय. हे म्हणतायत तुझ्याच लॅबमधून आलंय सगळं. हे म्हणतायत, तिच्याकडून पुन्हा काहीतरी चुकलं असणार, तिला सांग नीट बघायला. चुकलं असेल तर कबूल कर ना गं, मी समजावते त्यांना. चूक काय, कुणाचीही होते."

"चूक नाही झाली, ताई. मी मुद्दाम केलं. लिहून दिलंय तसं."

"काय?"

"मुद्दाम केलं. आणि ऐक. त्या वेळीही चूक झाली नव्हती. सहाशे चाळीसला दिवा बंद केला तेव्हा मी शेजारी उभी होते. तेही मुद्दामच केलं होतं. फक्त ते मी केलं नव्हतं."

पलीकडे भांड्याचा आवाज आला आणि थांबला. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.